शाओशिंगमधला गुरुवार आणि माठाचे देठ

२०२४ च्या दिवाळीनंतर मामांबरोबर दहा दिवस चीनला जाऊन आलो. त्यातल्या एका जेवणाबद्दल लिहायचं कधीपासून राहून गेलंय आणि मध्ये घरात त्याच जेवणावरून मोठं भांडण झालं, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

मामांचे इचलकरंजीत माग आहेत, साधे पॉवरलूम, आजोबांच्या वेळपासूनचे, आणि दोन-तीन वर्षं झाली त्यांच्या डोक्यात एअरजेट घुसलंय. म्हणजे धोटा नाही, हवेच्या झोतानं बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, फेकणारा माग. त्याची एक फॅक्टरी शाओशिंग जिल्ह्यात आहे आणि त्याच जिल्ह्यात खछ्याओ म्हणून जागा आहे जिथं कापडाचं भलंमोठं मार्केट आहे, चायना टेक्स्टाईल सिटी. तिकडं आपले सुरतवाले, भिवंडीवाले, दिल्लीवाले इतके की पहिल्या दिवशी हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरलो तर आत तिघं ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाच्या रेटवरून हिंदीत भांडत होते. त्यावेळी भारत-चीन थेट विमानं बंद होती (२०२५ च्या ऑक्टोबरात परत चालू झाली), त्यामुळं हाँगकाँगमार्गे हांगचौला उतरलो आणि तिथनं गाडी करून खछ्याओ.

आता मार्केटमध्ये एवढे भारतीय म्हटल्यावर भारतीय हॉटेलं पण आहेतच. पहिले तीन दिवस मामांनी सकाळ-संध्याकाळ दाल फ्राय आणि तंदुरी रोटी खाल्ली, वर बॅगेतनं आणलेली मामींची कांदा-लसूण चटणी, दिवाळीची उरलेली चकली आणि चिवडा. मला चौथ्या दिवशी त्या दाल फ्रायचा असा वैताग आला की काय सांगू, इतक्या लांब येऊन नागाव फाट्यावरच्या धाब्याचं जेवायचं आणि पैसे तिप्पट. फॅक्टरीनं आम्हाला एक दुभाषी मुलगी दिली होती, तिला विचारलं तू कुठं जेवतेस. ती म्हणाली शाओशिंग गावात जावा, लू शुन या लेखकाच्या घराच्या बाजूला, तिथं आमचं खरं जेवण मिळतं. आणि मग जरा थांबून म्हणाली, पण वास येतो.

त्या दिवशी गुरुवार होता. मामा एरवी पक्के मटणवाले, पण सोमवार आणि गुरुवार म्हणजे जगबुडी झाली तरी नाही. मी त्या मुलीकडनं एका कागदावर चिनीत लिहून घेतलं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, हाडांचं पाणी नाही, डुकराची चरबी नाही. ही शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची बरं का, कारण तिकडं नुसती पालेभाजी सांगितली तरी ती चरबीत परतलेली असू शकते आणि त्यांच्या हिशोबानं ती भाजीच असते. कुणी शाकाहारी जाणार असेल तर नुसतं ‘वो छ सू’ (मी शाकाहारी) म्हणून भागत नाही, कागदच पाहिजे.

मेट्रोनं गेलो. शाओशिंग म्हणजे पाण्याचं गाव, घरांच्या मागनं कालवे, त्यात काळ्या चटयांच्या छपराच्या अरुंद होड्या आणि होडीवाला हातानं नाही तर पायानं वल्हं मारतो, डोक्यावर काळी नमद्याची टोपी. मामा दहा मिनिटं पुलावर उभे राहून नुसतं त्याच्या पायाकडं बघत होते, म्हणाले, “पायटा मारल्यागत मारतोय की रं.” लू शुन हा तिकडचा मोठा लेखक, १८८१ साली याच गावात जन्मला, त्याचं घर आता बघायला ठेवलंय आणि त्या अख्ख्या भागालाच त्याचं नाव आहे. चीनभरातून शाळांच्या सहली येतात.

आणि त्या गल्लीत पाय ठेवला न ठेवला तोच तो वास.

मामा थांबले. नाकाला रुमाल. “गटार फुटलंय कुठंतरी.” मी पण तेच समजलो, खाली झाकणं बघायला लागलो. पुढं दहा पावलांवर एक बाई कढईत पांढरे चौकोनी तुकडे तळत होती आणि लाईन लागलेली, शाळेची पोरं कागदी वाटीत घेऊन काडीनं टोचून खात होती. दुर्गंधी टोफू. हे मी दिलेलं नाव नाही, त्यांनीच तसं ठेवलंय, छोउ दोउफू, छोउ म्हणजे दुर्गंधी. लपवाछपवी काही नाही. धंदा करायचा तर असा करावा.

तिथंच शियेनहेंग नावाची प्रसिद्ध खाणावळ आहे, लू शुनच्या एका कथेत दुकानाबाहेर उभं राहून दारू प्यायची जी जागा येते तिचंच नाव हिला आहे. कथेतला परीक्षेत नापास झालेला गरीब पंडित तिथं उभ्यानं गरम दारू आणि बशीभर बडीशेपेतले दाणे खायचा, त्याचा पुतळा बाहेर उभा केलाय आणि लोक त्याच्या बशीत हात घालून फोटो काढतात. आत गर्दी म्हणजे ज्योतिबाच्या यात्रेसारखी, टूरवाल्यांचे झेंडे, टोकन. मामा म्हणाले हे आपलं काम नव्हं. मग मागं दोन बोळ सोडून एक छोटं हॉटेल सापडलं, सहा-सात टेबलं, भिंतीला टेकून दारूचे मातीचे रांजण एकावर एक, त्यांच्यावर लाल कागद, आणि दारात एक बाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शेंगा सोलत बसलेली. बाई शेंगा सोलत बसलेली दिसली की मामांचा हॉटेलवर विश्वास बसतो, हे इचलकरंजीत पण असंच.

संध्याकाळचे पाच वाजले होते. तिकडं जेवायची वेळ तीच, सात-साडेसातला गेलात तर भांडी धुवायला घेतलेली असतात. आपण साडेनऊला जेवणारी माणसं, पण पोटाला काय, दुपारी मामांनी चकलीवर भागवलेलं.

बसल्यावर पहिला घोळ मेनूचा. मेनू नसतोच, टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला, तो मोबाईलवर स्कॅन करायचा, त्यातनंच ऑर्डर आणि त्यातनंच पैसे. मी स्कॅन केला तर ते ॲप फोन नंबर मागायला लागलं आणि आपला प्लस एक्क्याण्णववाला नंबर काही केल्या घेईना. लाओबान-न्यांग आली (मालकीणबाई, तिकडं सगळे हॉटेलच्या बाईला अशीच हाक मारतात), तिनं माझा मोबाईल हातात घेतला, दोन-तीनदा बोट मारलं, परत दिला आणि सरळ माझ्या दंडाला धरून काचेच्या फ्रिजसमोर नेऊन उभं केलं. दाखव काय पाहिजे ते. ही पद्धत सगळ्यात बेस्ट. सगळं समोर मांडलेलं असतं, मासे एका टबात पोहत असतात, भाज्या टोपलीत, आणि तयार गार पदार्थ बशीत. भिंतीवर पदार्थांच्या पाट्या होत्या त्यावर मी ट्रान्सलेटचा कॅमेरा धरला आणि मग मामा आणि मी पाच मिनिटं नुसते हसत होतो. एका पाटीचं भाषांतर आलं ‘वाफवलेल्या दोन दुर्गंध्या’. दुसरं ‘बुरशी आलेले राजगिऱ्याचे दांडे’. तिसरं ‘कोंबडीच्या पिसांची भाजी’.

या तिसऱ्यावर मामा गंभीर झाले. “गुरुवार हाय. पिसं पण नकोत.” ती निघाली कोवळ्या पाकचोयची साधी हिरवी भाजी, पानं पिसासारखी नाजूक असतात म्हणून तिला पूर्व चीनमध्ये तसं नाव पडलंय. पण मामांना ते पटवायला बाईला टोपलीतनं जुडी काढून नाकासमोर धरावी लागली.

मग मी तो कागद दिला. बाईनं वाचला, आत जाऊन आचाऱ्याला वाचून दाखवला, आचारी बाहेर आला, त्यानं मामांकडं बघितलं, मग दोघांचं त्यांच्या भाषेत जे काय सुरू झालं ते ऐकून मला वाटलं आता आम्हाला हाकलतात. मी ॲपचा माईक चालू करून ठेवला होता तर ॲपला एक अक्षर कळेना. शाओशिंगची बोली वेगळीच असते, ‘वू’ बोली, शांघायकडच्या कुळातली, बीजिंगच्या चिनीला ती जवळ नाही. म्हणजे आपल्या मालवणीला पुणेरी माणसानं कान लावून बसावं तसं ॲप बसलं होतं. शेवटी बाईनं हातवारे करून सांगितलं की चार पदार्थ देते, सगळे तेलात, तेल मोहरीसारख्या बियांचं, तिनं कॅनवरचं पिवळ्या फुलांचं चित्र दाखवलं. मामा म्हणाले, करडीचं नसलं तरी चालंल.

मामांसाठी आलं ते असं: बडीशेपेतले दाणे, पिसांची भाजी, तळलेला दुर्गंधी टोफू, आणि ‘दोन दुर्गंध्या’. माझ्यासाठी वाळवलेल्या भाजीतलं डुकराचं मटण आणि एक भांडं गरम दारू. डुकराचं मी पहिल्यांदाच खाणार होतो आणि मामींना हे सांगायचं नाही असं मामांकडनं आधीच वचन घेतलं होतं. आता इथं लिहिलंय म्हणजे गेलंच ते वचन.

एक लक्षात ठेवा, तिकडं आपल्यासारखं ताट येत नाही. गार पदार्थ आधी, मग गरम जसे होतील तसे एकेक, आणि भात सगळ्यात शेवटी, तो पण मागितला तर. मामा पहिली पंधरा मिनिटं हात धुऊन भाताची वाट बघत बसले होते. पाणी पण गरम, उकळलेलं. गार पाणी मागितलं की बाई अशी बघते की जसं काय आजारी पोराला आईस्क्रीम मागितलंय.

पहिले दाणे आले. ते म्हणजे बाकला, आपल्या पावट्याचा थोरला भाऊ समजा, वाळवलेले दाणे भिजवून बडीशेप, दालचिनीची साल आणि मीठ घालून शिजवतात आणि पाणी आटवतात, साल सुरकुतलेली, आतनं चिवट, चघळत बसायचं. मामांनी एक खाल्ला, मग गपगप खायला लागले. दारूबरोबर खारे शेंगदाणे तसा हा प्रकार, फरक एवढाच की दात मजबूत पाहिजेत. मामांची कवळी खालची आहे. तरी सोडले नाहीत.

दारूबद्दल थोडं सांगतो कारण शाओशिंगचं नाव मुळात त्यावरच आहे. हुआंगज्यू म्हणजे पिवळी दारू, चिकट तांदळाची, गव्हाच्या बुरशीचं विरजण लावून हिवाळ्यात घालतात, आणि पाणी तिथल्या ज्यान तलावाचं. ही गाळून मातीच्या रांजणात भरतात, तोंडाला कमळाचं पान बांधून वरनं माती लिंपतात आणि वर्षानुवर्षं ठेवतात. कडक नसते, पंधरा-सोळा टक्के, म्हणजे बिअरपेक्षा जास्त आणि व्हिस्कीच्या निम्म्यापेक्षा कमी. पूर्वी मुलगी जन्मली की रांजण पुरून ठेवायचे आणि तिच्या लग्नात उकरून काढायचे, त्या दारूला मुलीच्या नावानंच ओळखतात, न्युअर होंग. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “आमच्याकडं पोरगी जन्मली की आरडी काढतात पोस्टात.”

बाईनं ती पत्र्याच्या उंच भांड्यात घालून भांडं गरम पाण्यात बुडवून आणलं आणि वाडग्यात ओतली. रंग कोऱ्या चहाचा. चव मला आधी विचित्र लागली, आंबट, गोड, जरा सोया सॉससारखी, जरा करपलेल्या गुळासारखी. दुसऱ्या वाडग्याला आवडली. तिसऱ्याला मला वाटायला लागलं की मी चिनी बोलू शकतो. मामांनी नुसता वास घेतला, म्हणाले, काकवीचा वास येतोय, आणि वाडगं लांब सरकवलं. गुरुवार म्हणजे गुरुवार. पण नंतर दोनदा विचारलं की बाटली किती दिवस टिकते.

तळलेला टोफू आला. बाहेरनं सोनेरी, कुरकुरीत, आत पांढरा मऊ, बरोबर एक गोडसर तिखट सॉस. वास तळल्यावर निम्मा होतो, आणि तोंडात गेल्यावर तर वास येतच नाही, नुसतं खारट, आंबूस आणि मऊ. मामा एक तुकडा तोंडात धरून विचार करत बसले. मग म्हणाले, “कुरडईचा चीक.”

आणि मला एकदम क्लिक झालं. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना कळेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी ते वाटून चीक काढताना अख्ख्या वाड्यात जो आंबलेला वास सुटतो, तो. आम्ही लहान असताना मामींच्या घरी एप्रिलमध्ये त्या वासातच खेळायचो आणि गरम चिकात दूध-साखर घालून खायचो, कोण नाक धरायचं नाही. रस्त्यावर ज्याला मामा गटार म्हणाले त्यात तोच वास होता, फक्त आमचा चीक तीन दिवसांचा आणि यांचं रसायन महिनोन्महिन्यांचं.

मग आल्या दोन दुर्गंध्या. झाकण असलेला मातीचा वाडगा, बाईनं टेबलावर ठेवून झाकण उचललं आणि मागं सरकली, जसं काय तिला पण अंदाज होता. वास असा आला की माझ्या डोळ्यात पाणी. बाजूच्या टेबलावर एक म्हातारा एकटाच बसला होता, समोर दारूचं वाडगं आणि दाणे, तो आमच्याकडं वळून खूश होऊन बघायला लागला. वाडग्यात खाली टोफूच्या फोडी आणि वर बोटभर लांबीचे हिरवट-राखाडी दांड्याचे तुकडे, जाड, बाहेरनं साल, आत पोकळ वाटावेत असे.

मामांनी चमच्यानं एक तुकडा उचलला, फिरवून बघितला. “हे देठ हायत. माठाचे देठ.”

खरंच होते. माठ-राजगिऱ्याच्या कुळातलीच भाजी, पण तिकडं तिला माणसाच्या उंचीएवढी वाढू देतात, पानांना कोण विचारत नाही, जाड दांडे कापून पाण्यात भिजवतात, फेस आला की निथळून मडक्यात दाबून ठेवतात, मग मीठ. काही दिवसांत दांड्याची साल तशीच राहते आणि आतला गर कुजून, नाही म्हणजे मुरून, जेलीसारखा होतो. मडक्यात जे खारं पाणी सुटतं ते टाकत नाहीत, त्यातच टोफू बुडवून दुर्गंधी टोफू करतात. म्हणजे एक दुर्गंधी दुसरीची आई आहे आणि वाडग्यात मायलेकी एकत्र वाफवलेल्या. बाईनं हे सगळं आम्हाला मडकं आणून दाखवलं, झाकण उघडून. त्यावेळी मी दारापर्यंत गेलो होतो.

आता हे खायचं कसं ते कळेना. मामा साल चावायला लागले तर ती चघळली जाईना. तो म्हातारा उठून आमच्या टेबलाशी आला, माझ्या हातातल्या काड्या घेतल्या, एक तुकडा उचलला, एक टोक ओठात धरून सुर्रर्र करून ओढला आणि रिकामी साल बशीत ठेवली. मग मामांकडं हात केला, आता तुम्ही.

“आरं, शेवग्याची शेंग की!” मामांनी काड्या वगैरे बाजूला ठेवल्या, हातानं उचलला, आणि सुर्रर्र. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. डोळे मिटले. मला वाटलं आता बाहेर येणार. डोळे उघडले, दुसरा घेतला. मग तिसरा. म्हणाले, “ऋषीच्या भाजीत आईनं घातलेलं देठ आठवलं. फक्त ही भाजी गेल्या ऋषीपंचमीची हाय.”

माझं सांगायचं तर मी दोन खाल्ले. पहिला दारूच्या जिवावर, दुसरा म्हाताऱ्याच्या भिडेखातर. खारट, मग आंबट, मग नाकातनं मागच्या बाजूनं तो वास परत चढतो आणि शेवटी जिभेवर जे राहतं ते जुन्या चीजसारखं असतं, वाईट नसतं, पण मला परत नको. मामांनी सगळे संपवले. म्हातारा आणि मामा यांच्यात एक शब्दाची भाषा नव्हती, तरी ते अर्धा तास बोलत होते. म्हातारा त्याच्या बोलीत, मामा कोल्हापुरीत. मी मध्ये ॲप धरलं तर दोघांनी हातानं बाजूला केलं.

माझं मटण या सगळ्यात बिचारं मागं पडलं पण खरं तर जेवणातला सगळ्यात भारी पदार्थ तोच. मोहरीच्या कुळातली पालेभाजी मीठ लावून मुरवून उन्हात वाळवतात, काळी पडते, चहाच्या चोथ्यासारखी दिसते, आणि पोटाकडच्या चरबीदार तुकड्यांबरोबर थरावर थर लावून साखर, सोया सॉस आणि तीच पिवळी दारू घालून तासन्‌तास वाफवतात. चरबी सगळी भाजीत उतरते आणि भाजीचा खारटपणा मटणात. आपण हरभऱ्याचा पाला वाळवून पावसाळ्यात ताकात करतो, त्याच्या वासाची आठवण झाली, फक्त ही त्याहून गोड आणि दाट. तिकडं सगळ्यातच जरा साखर असते, ही एक तक्रार. आणि दुसरी तक्रार, तिखट नाहीच. चीन म्हटलं की आपल्याला लालभडक शेजवान सॉस डोळ्यांसमोर येतो, पण सछ्वान राहिलं पार पश्चिमेला, इकडं समुद्राकडच्या बाजूला मिरची म्हणजे पाहुणी. एवढ्या चवींच्या जेवणात एक हिरवी मिरची चावायला असती तर मी तिथंच राहिलो असतो.

शेवटी भात आला. आखूड, चिकट, इंद्रायणीसारखा, पण वास नाही. मामांना आजऱ्याच्या घनसाळची सवय, त्यांनी भाताचा वास घेतला, मान हलवली, आणि बॅगेतनं कांदा-लसूण चटणीची डबी काढली. मी म्हटलं मामा नको इथं, पण तोवर झाकण उघडलं होतं. भातावर चटणी, त्यावर वाडग्यातलं उरलेलं ते खारं पाणी, आणि हातानं कालवून जेवायला बसले. तो वास हॉटेलभर पसरला. पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी तोंडावर हात धरून उठून बाहेर गेली. बाई धावत आली, डबीत डोकावली, आणि एकामागून एक तीन शिंका. मग नाक धरून तिनं हातानं वारा घातला, तोंडानं काहीतरी म्हणाली, यावेळी ॲपला कळलं: ‘हे खराब झालंय का?’

मामांना मी ते मराठीत सांगितलं. मामा इतके हसले की ठसका लागला. म्हाताऱ्यानं मात्र चटणी मागून घेतली, दाण्याला लावून खाल्ली, लालबुंद झाला, गरम दारू घटाघट प्यायला आणि परत मागितली. डबी अर्धी तिथंच संपली, एक चकली पण दिली, ती त्यानं दारूत बुडवून मऊ केली. त्याला तेवढे दात नसावेत, आणि खरं सांगू का, ती कल्पना वाईट नाही, मी घरी करून बघितली आहे.

बिलाचं लवकर आटपतो. ‘माय दान’ म्हटलं की बिल येतं. एकशे बेचाळीस युआन, त्यात सीलबंद प्लॅस्टिकमध्ये आलेल्या वाट्या-बशांचे दोघांचे चार युआन वेगळे, हे बऱ्याच ठिकाणी लावतात, चिडू नका. आपल्या पैशात सोळा-सतराशे. मी ऐटीत अलीपे उघडलं, त्यात आता परदेशी व्हिसा-मास्टर कार्ड जोडता येतं आणि दोनशे युआनच्या आतल्या पेमेंटला वरचा चार्ज पण नसतो, मी मामांना विमानात हे सगळं पाठ करून सांगितलं होतं. पेमेंट फेल. परत केलं, परत फेल, बँकेचा ओटीपी यायचा होता तो दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना आला. मामांनी शांतपणे पँटच्या आतल्या चोरखिशातनं शंभरच्या दोन नोटा काढल्या. बाईनं त्या उजेडात धरून बघितल्या, मग सुट्ट्यासाठी आतलं कपाट, नवऱ्याचं पाकीट आणि शेवटी शेजारचं दुकान असं सगळं पालथं घातलं, रोख पैसे कोण देतच नाही आता. टीप दिली तर ती मागं पळत येऊन परत देऊन गेली.

बाहेर पडल्यावर पिवळ्या दारूची कुल्फी विकायला होती, काडीवाली. मी घेतली. मामा म्हणाले किती टक्के. मी म्हटलं नावाला असेल. म्हणाले नावाला पण नको, आणि मग मेट्रोमध्ये बसल्यावर, “शुक्रवारी मिळंल का रे?” शुक्रवारी आम्ही फॅक्टरीत होतो. एअरजेटचा सौदा झाला नाही, रेट जमला नाही आणि मामा आता निंगबोच्या कुणाशी तरी बोलतायत.

आता भांडण. यंदा ऋषीपंचमीला मामींनी मंडईतनं माठाचे चांगले जाड देठ आणले होते, भाजीत घालून निम्मे उरले. ते मामांनी रात्री गुपचूप कापून पाण्यात घातले, फेस आला तसे निथळून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत भरले, मीठ घातलं आणि बरणी देवघराच्या खालच्या कपाटात ठेवली, कारण तिथं अंधार असतो. कुणाला सांगितलं नाही. सातव्या दिवशी मामींनी प्लंबर बोलावला. प्लंबरनं मोरी उकरली, पाईप बदलला, पैसे घेतले आणि गेला. वास तसाच. दहाव्या दिवशी पूजा करताना मामींना बरणी सापडली. त्या काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी म्हणाल्या की घरात एक तर ही बरणी राहील नाहीतर मी. मामांनी कुरडईच्या चिकाचा मुद्दा काढून बघितला. तो काढायला नको होता.

बरणी सध्या कारखान्यात आहे, सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, खोलीमागं, खळीच्या पिंपांशेजारी. तिथं कुणाच्या लक्षात येत नाही. मामा दुपारच्या डब्याबरोबर दोन-दोन देठ खातात, गुरुवारी तीन.